जुन्या गाडीला नवी क्लचप्लेट

सन १९७४. ऊसतोडीचे दिवस होते. आमच्या चुलत्यांचा एक जुना फार्गो ट्रक होता. पेठ वडगावच्या आसपासच्या शिवारातून ऊस भरायचा आणि कारखान्यावर पोचवायचा, हा त्यांचा धंदा. चुलत्यांना आम्ही आण्णा म्हणत असू. मी तेव्हा शाळेत होतो.

एके दिवशी भरलेला ट्रक चढावर थांबला. इंजिन मोठ्याने ओरडत होते. पण चाके पुढे सरकत नव्हती. जळका वास येऊ लागला. मिस्त्री आले. वास घेताच म्हणाले, "आण्णा, क्लचप्लेट संपली. बदलायलाच पाहिजे बघा."

तोडलेला ऊस थांबून राहत नाही. तो वाळतो. त्याचे वजन घटते, साखर उतरते. शेतकऱ्याला पैसे मिळतात ते वजनावर. त्यामुळे सगळ्यांनाच घाई झाली. आणि घाईत चूक झाली.

क्लच म्हणजे काय?

दोन्ही तळहात एकमेकांवर घट्ट दाबा. आता एक हात फिरवा. दुसराही ओढला जातो. हात सैल करा. आता एकच हात फिरतो. क्लचचे काम असेच चालते.

इंजिनच्या मागे एक जड लोखंडी चाक असते. ते फ्लायव्हील. त्याला लागून ताटलीसारखी गोल चकती असते. ती क्लचप्लेट. तिच्या दोन्ही अंगांना खरखरीत अस्तर असते. मिस्त्री लोक त्याला लायनिंग म्हणतात. चकतीच्या मागे प्रेशर प्लेट असते. तिच्या स्प्रिंगा चकतीला फ्लायव्हीलवर दाबून धरतात. चकतीच्या मध्यभागी दाते असलेले भोक असते. त्यात गिअरबॉक्सचा दांडा बसतो. म्हणून इंजिनची ताकद चाकांपर्यंत जाते.

पेडल दाबले की रिलीज बेअरिंग पुढे सरकते. दाब सुटतो. चकती मोकळी होते. मग गिअर पडतो. लायनिंग झिजले की चकती घसरते. इंजिन फिरते, गाडी जागेवरच राहते.

चूक कोठे झाली?

आण्णा कोल्हापूरला गेले. दुकानात म्हणाले, "फार्गोची प्लेट द्या." दुकानदाराने दिली. आकार तोच दिसला. दाते बसले. रात्रभर खपून मिस्त्रींनी ती चढवली. पण पेडल दाबले तरी गिअर पडेना! नुसती करकर. पुन्हा गिअरबॉक्स उतरवला. तेव्हा कळले, की नव्या चकतीचा मधला गड्डा जास्त उंच होता. तो फ्लायव्हीलच्या बोल्टांना टेकत होता. त्यामुळे चकती मोकळी होतच नव्हती. दोन दिवस फुकट गेले.

मिस्त्री म्हणाले, "नाव एक असलं म्हणून माप एक नसतं. साल बदललं की भाग बदलतो. आता मापं लिहूनच घेऊया." आण्णांना लिहिता येत नव्हते. ते मला म्हणाले, "बाळ, तुझी वही आण." मिस्त्री माप सांगत गेले. मी लिहीत गेलो.

कोणती मापे घ्यावीत?

पहिले, चकतीचा व्यास. दुसरे, मधल्या भोकाचे दाते किती आणि दांडा किती जाड. तिसरे, मधला गड्डा किती उंच आणि कोणत्या बाजूला जास्त निघालेला. चौथे, फ्लायव्हील सपाट आहे की खोलगट. पाचवे, प्रेशर प्लेटच्या बोल्टांची भोके किती आणि एकमेकांपासून किती लांब. सहावे, रिलीज बेअरिंग कोणत्या जातीचे. लायनिंगची जाडी मात्र जुन्या चकतीवरून घेऊ नये. ती झिजलेली असते. ती गाडीच्या पुस्तकात पाहावी.

इंच आणि मिलिमीटर यांचाही घोळ होतो. फार्गो, डॉज, बेडफर्ड आणि जुनी जीप यांची मापे इंचांत. टाटांनी १९५४ पासून जर्मनीच्या डेमलर-बेंझ कंपनीच्या साहाय्याने ट्रक बनवले. त्यांची मापे मिलिमीटरमध्ये. १२ इंच म्हणजे सुमारे ३०५ मिलिमीटर. शेजारी ३१० मिलिमीटरची चकती ठेवा. डोळ्यांना दोन्ही सारख्याच दिसतील. पण तेवढ्या फरकानेही कड घासू शकते. म्हणून पट्टी लावावी, डोळ्यांवर विसंबू नये. खोक्यावरचा नंबरही पुरा वाचावा. एक अक्षर बदलले, तर आतला भाग वेगळा असू शकतो.

चढवण्याआधी नवी चकती हाताने दांड्यावर सरकवून पाहावी. ती अडू नये, डुगडुगूही नये. मग ती नुसती फ्लायव्हीलवर ठेवून पाहावी. मधला गड्डा कोठे टेकत नाही ना? हे पाहायला पाच मिनिटे लागतात. आम्ही ती वाचवली आणि दोन दिवस घालवले.

भाग मिळालाच नाही तर?

दसऱ्याला कोल्हापूरच्या दसरा चौकात छत्रपतींची मेबॅक मोटार येते. ती १९३०च्या दशकातली जर्मन गाडी आहे. इतक्या जुन्या गाड्यांचे भाग दुकानात मांडलेले नसतात. अशा वेळी जुना भाग हाच नमुना. म्हणून जुनी चकती कधीही भंगारात टाकू नये. तिचे दाते शाबूत असले, ती वाकलेली नसली, मधल्या स्प्रिंगा सैल नसल्या, तर तिच्यावरच नवे लायनिंग रिव्हेट मारून बसवता येते. आमच्या ट्रकचे काम शेवटी असेच झाले. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लायनिंग बसवून घेतले. तिसऱ्या दिवशी ऊस कारखान्यावर गेला. वजन घटले होते, पण ऊस गेला.

एक गोष्ट तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हती. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असे. त्याची धूळ छातीत गेली, तर बऱ्याच वर्षांनी फुप्फुसाचे भारी रोग होतात, कर्करोगही होतो. म्हणून क्लच उघडल्यावर ती धूळ फुंकू नये, हवेच्या नळीने उडवू नये. ओल्या फडक्याने पुसावी आणि फडके पिशवीत बांधून टाकावे. लहान मुलांना जवळ येऊ देऊ नये.

माझ्या वहीचे ते पान आण्णांनी खळ लावून ट्रकच्या केबिनमध्ये चिकटवले. दुकानात जाताना ते त्याची नक्कल बरोबर नेत. पुढे ते स्वतः अंक वाचायला शिकले. सर्वांत आधी त्यांनी वाचला तो त्या पानावरचा दात्यांचा आकडा, १०.

तुमच्याकडे जुनी गाडी असेल, तर असा एक कागद आजच करून ठेवा. गाडी चढावर थांबेल, तेव्हा पट्टी शोधायला वेळ नसतो.