नवे पिस्टन, जुना ब्लॉक

उज्जैनच्या चिमणगंज मंडीत गहू किंवा सोयाबीन घेऊन आलेल्या जुन्या ट्रकाचे इंजिन चालू ठेवून मोबिल, म्हणजे इंजिनाचे तेल, भरायचे झाकण काढले, की मिस्त्रीला निम्मे निदान तिथेच होते. झाकणातून धुराचे झोत ठेक्यात बाहेर पडत असतील तर तो म्हणतो, ‘बॅक कॉम्प्रेशन मारतोय.’ पिस्टनच्या वर कोंडून राहायला हवा तो वायू रिंगांच्या बाजूने निसटून खाली तेलात उतरतो आहे. पिकअप जातो, मोबिल जळते, डिझेल जास्त लागते. मग मालकापुढे प्रश्न येतो, हाफ इंजिन (क्रँक न काढता वरचेच काम) करायचे की फुल? आणि इंजिन उघडलेच आहे, तर पार्ट जरा वरच्या दर्जाचे घालावेत का? जमले तर टर्बोही?

या प्रश्नाचे उत्तर पार्टच्या किमतीत शोधले जाते. खरे तर ते दाब, उष्णता आणि मापे या तीन गोष्टींत आहे.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा सतरा पट दाबली, की गणिताने ती साडेसहाशे अंश सेल्सियसच्या आसपास तापते. सिलिंडरच्या भिंती काही उष्णता शोषून घेतात, तरी उरते ती डिझेल आपोआप पेटायला पुरेशी असते. हवा निसटू लागली की ही सगळी व्यवस्था ढासळते. जानेवारीच्या पहाटे झिजलेले इंजिन सुरू व्हायला कुरकुरते ते त्यामुळेच.

आता या इंजिनावरचा भार पाहा. टाटांनी १९५४ मध्ये मर्सिडीज-बेंझच्या सहकार्याने जमशेदपूरला ट्रक बांधायला घेतले. त्याच परंपरेतले ६९७ हे इंजिन देशभरच्या मिस्त्रींच्या हाताखालून गेले आहे. त्याच्या नावातच माप आहे. सिलिंडर सहा, व्यास ९७ मिलिमीटर. (टाटांच्याच ४०७ ट्रकमधले ४९७ म्हणजे चार सिलिंडर, व्यास तोच.) ६९७ चा स्ट्रोक १२८ मिलिमीटर आणि एकूण घनफळ ५,६७५ घनसेंटिमीटर. एका पिस्टनच्या माथ्याचे क्षेत्रफळ सुमारे ७४ चौरस सेंटिमीटर भरते. ज्वलनाचा दाब १२० बार धरला, तर त्या एका माथ्यावर क्षणभर नऊ टनांचा भार येतो. मिनिटाला २,४०० फेऱ्यांवर हे प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन फेऱ्यांमागे एकदा, म्हणजे सेकंदाला वीस वेळा घडते आणि पिस्टन सरासरी दहा मीटर प्रतिसेकंद वेगाने धावत असतो.

पण पिस्टन ज्या नळीत धावतो ते लायनर सगळीकडे सारखे झिजत नाही. पिस्टन अगदी वर पोचतो तेव्हा क्षणभर थांबतो. वेग नाही म्हणून तेलाचा थर पातळ होतो, आणि नेमक्या त्याच जागी दाब व उष्णता सर्वांत जास्त असते. त्यामुळे लायनर वरच्या टोकाशी जास्त झिजते आणि झिजेच्या वर एक कड उभी राहते. अशा बोअरमध्ये, म्हणजे लायनरच्या पोकळीत, नुसत्या नव्या रिंगा टाकल्या, तर प्रत्येक फेरीत रिंगेचे तोंड उघडझाप करते, आणि कोरी वरची रिंग त्या कडेवर आपटून तुटूही शकते. महागडी रिंग घातली म्हणून यात काही बदलत नाही. बोअर आधी सरळ झाला पाहिजे.

त्यासाठी लायनर बदलतात. साताऱ्याच्या कूपर कारखान्याचे नाव भारतातल्या सुरुवातीच्या डिझेल इंजिनांशी जोडलेले आहे, आणि लायनर हे तिथले आजही महत्त्वाचे उत्पादन आहे. लायनर बसले की होनिंगने त्याच्या आतल्या अंगावर एकमेकांना छेदणाऱ्या तिरप्या बारीक रेघा ओढतात. या रेघांत तेल टिकते. आरशासारखा गुळगुळीत बोअर दिसायला देखणा असतो, पण त्यावर तेल धरत नाही आणि रिंगा बसत नाहीत.

वरच्या दर्जाच्या पिस्टनमध्ये खरेच काही शास्त्र असते. अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूची ताकद तीनशे अंशांपुढे झपाट्याने घटते. म्हणून चांगल्या पिस्टनमध्ये पहिल्या रिंगेच्या खाचेभोवती निकेलयुक्त लोखंडाचे कडे ओतलेले असते आणि माथ्याच्या आत तेल फिरायला पोकळ वाट ठेवलेली असते. मात्र त्या वाटेत खालून तेलाची पिचकारी मारणारा जेट ब्लॉकमध्येच नसेल, तर ती पोकळी नुसती पोकळीच राहते. जेट बसवले तर ऑइल पंपाला जादा तेल पुरवावे लागते. पंप जुनाच असला तर तेवढे तेल बेअरिंगांच्या वाट्यातून जाते.

पिस्टन आणि लायनर यांच्यातल्या फटीचेही तसेच. अ‍ॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगते. ९७ मिलिमीटरचा पिस्टन दोनशे अंशांनी तापला तर त्याचा व्यास सुमारे ०.४ मिलिमीटर वाढतो, म्हणजे चार-पाच केसांच्या जाडीएवढा. पिस्टनचा माथा सर्वांत जास्त तापतो, म्हणून तो खालच्या भागापेक्षा किंचित लहान घडवलेला असतो. वेगळ्या मिश्रधातूचा पिस्टन आणून जुन्याच फटीवर बसवला तर चढावर तो जाम होऊ शकतो. फट त्या पिस्टनच्या निर्मात्याने दिलेल्या मापाचीच हवी.

पिस्टनची वर-खाली धाव फिरतीत बदलणाऱ्या क्रँककडे फार कमी मालक लक्ष देतात. ती झिजली की ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर घासून कमी मापाच्या बेअरिंगा घालतात. इथे दोन धोके आहेत. क्रँक नायट्राइड केलेली असेल, तर तिचा कठीण थर मिलिमीटरच्या काही दशांशांचाच असतो आणि घासताना तो निघून जाऊ शकतो. मग तिला पुन्हा नायट्राइड करायला हवे. दुसरा धोका जर्नलच्या, म्हणजे बेअरिंगात फिरणाऱ्या भागाच्या, कडेच्या गोलाईचा. घासताना ती गोलाई गेली आणि तिथे धारदार कोपरा राहिला, तर सगळा ताण त्या कोपऱ्यात गोळा होतो. तिथे सूक्ष्म भेग जन्मते, प्रत्येक फेरीला थोडी पुढे सरकते आणि एके दिवशी क्रँक दोन तुकडे होऊन पडते. माझ्या मते इंजिनकामातले सर्वांत मोठे नुकसान याच दुर्लक्षातून होते.

आता टर्बो. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखीने १९०५ मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले. वाया जाणाऱ्या धुराच्या जोरावर चाक फिरवायचे आणि त्या चाकाने इंजिनात जास्त हवा कोंबायची. उज्जैनपासून जवळच, देवासला, ट्रकांचे टर्बो बनतात. माळव्याच्या उन्हाळ्यातली चाळीस अंशांची हवा दुप्पट दाबली, की ती १३० अंशांच्या वर जाते. इंटरकूलरने ती साठ अंशांवर आणली, तर त्याच दाबाला सुमारे पाचवा हिस्सा जास्त हवा मावते. फायदा खरा आहे. पण जास्त हवा म्हणजे जास्त डिझेल, जास्त दाब, जास्त उष्णता. मुळात टर्बोविना बनलेल्या इंजिनाचे हेड पॅकिंग, पिस्टन, रेडिएटर, ऑइल पंप, क्लच, सगळेच त्या नव्या भाराला अपुरे पडतात. एक कडी मजबूत केली की ताण तिच्या शेजारच्या कडीवर जातो. टर्बोसकटच आरेखन झालेल्या इंजिनात चांगला टर्बो जरूर बदलून घालावा. साध्या इंजिनावर तो चढवू नये. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ देखील निर्मात्याची मूळ वैशिष्ट्ये मनाने बदलायला मनाई करते.

एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ ट्रकांची गोष्ट आणखी वेगळी. त्यांच्या नोझलमधली फट काही मायक्रॉनची असते आणि डिझेलचा दाब दीड हजार बारच्या पुढे जातो. त्या नोझलची कामे उघड्या गॅरेजात करू नयेत.

बांधून झालेले इंजिन तासन्‌तास रिकामे चालवत ठेवायची पद्धत अजून दिसते. ती चुकीची आहे. रिंग लायनरवर दाबली जाते ती मुख्यतः वायूच्या दाबाने. इंजिनावर भारच नसेल तर तो दाब कमी राहतो, बोअर गुळगुळीत होतो आणि रिंगा कायमच्या न बसलेल्या राहतात. गाडी हळूहळू वाढत्या, मध्यम भारावर चालवावी. एअर फिल्टरची नळी आणि क्लिपा तपासाव्यात. रस्त्याच्या धुळीतले क्वार्ट्झचे कण ओतीव लोखंडाहून कठीण असतात. एका सैल क्लिपेतून आत शिरलेली धूळ कोऱ्या किटचे आयुष्य काही महिन्यांवर आणते.

२०२८ च्या सिंहस्थाच्या कामांसाठी उज्जैनच्या रस्त्यांवर टिप्पर आणि जुने ट्रक धावणार आहेत. त्यांच्या मालकांना एकच आग्रहाची विनंती: उघडलेले इंजिन पुन्हा जोडण्याआधी मिस्त्रीकडून मापांचा कागद मागा. त्यावर प्रत्येक सिलिंडरचे वर, मध्ये आणि खाली घेतलेले माप, क्रँकच्या प्रत्येक जर्नलचे माप, रिंगेच्या तोंडाची फट आणि हेडचा सपाटपणा लिहिलेला असावा. तो कागद मिळत नसेल, तर महागडे पार्ट घेण्याआधी गॅरेज बदला.