रोहितांपासून किती दूर?

उजनी धरणाचा फुगवटा इंदापूर तालुक्यात भिगवण, डिकसळ आणि कुंभारगाव या गावांपाशी उथळ होतो. भीमेवरचे हे धरण १९८० साली पूर्ण झाले. त्याची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी आहे आणि त्यातले निम्म्याहून अधिक, सुमारे ६३ टीएमसी पाणी मृत साठ्यात मोडते. धरण ‘शून्यावर’ गेल्याची बातमी येते तेव्हाही मागे विस्तीर्ण जलाशय उरलेला असतो. शेतीसाठी पाणी सुटते तसा काठ मागे सरकतो, गाळ उघडा पडतो आणि त्या घोटाभर पाण्यात रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, उतरतात. पावसाळा भरपूर झाला की गाळ उशिरा उघडतो आणि रोहितांचे थवेही उशिरा येतात. हिवाळ्यात त्यांच्या जोडीला मंगोलिया, तिबेट आणि लडाखकडून हिमालय ओलांडून आलेले पट्टकदंब, चक्रवाक, कुरव आणि मोरघार असतात. चमचे, मोर शराटी आणि राखी बगळे मुक्कामी आहेतच.

पक्षी पाहायला येणाऱ्यांची गर्दी नोव्हेंबरपासून वाढते. पुणे-सोलापूर लोहमार्ग आणि महामार्ग जवळ आहेत, बारामतीही लांब नाही. पूर्वी केवळ मासेमारीवर जगणाऱ्या अनेक कुटुंबांना होडी फिरवणे, पक्षी दाखवणे आणि पाहुण्यांना जेवण देणे हा दुसरा आधार मिळाला. धरणाने ज्यांच्या जमिनी पोटात घेतल्या त्या गावांसाठी ही लहान गोष्ट नव्हे. म्हणूनच पाहुण्यांना समाधान मिळावे आणि पाखरांनाही त्रास होऊ नये, या दोन्ही गोष्टी इथे एकाच प्रश्नावर येऊन ठेपतात. तो प्रश्न म्हणजे होडी कुठे थांबवायची.

रोहित चोच उलटी धरून गाळाचे पाणी गाळतो. त्यातली सूक्ष्म शैवाले आणि बारीक कवचधारी जीव हे त्याचे अन्न. पिसांचा गुलाबी रंगही त्यातल्याच रंगद्रव्यांतून येतो. पिंजऱ्यात ठेवलेल्या रोहितांना ती खाद्यातून द्यावी लागतात, नाहीतर ते फिके पडतात. असे गाळून पोट भरायला दिवसातले कित्येक तास लागतात. होडी जवळ आली की आधी काही माना वर होतात, मग खाणे थांबते, थवा एका दिशेने चालू लागतो आणि शेवटी पाण्यावरून धावत जाऊन उडतो. या मोठ्या पक्ष्याला धाव घेतल्याशिवाय हवेत जाता येत नाही आणि त्यात त्याची बरीच शक्ती जाते. पाहुण्यांना पंखांचा लाल-काळा रंग दिसतो, छायाचित्र मिळते. पक्ष्याच्या हिशेबात मात्र तेवढे खाणे बुडते आणि साठवलेली चरबीही खर्च होते. पट्टकदंबांना परतीच्या प्रवासासाठी तीच चरबी हवी असते, त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमधली हुसकावणी त्यांना अधिक महागात पडते.

यातला निकष साधा आहे. माना वर झाल्या की होडी पुरेशी जवळ आली, इंजिन तिथेच बंद करायचे. अनुभवी नावाडी हे जाणतात. ते वल्ह्यांनी किंवा बांबूने रेटत, वाऱ्याचा अंदाज घेत, तिरप्या वाटेने जातात आणि मग थांबून राहतात. न घाबरलेला थवा चरत चरत आपणच होडीच्या दिशेने सरकतो आणि चोचीची उलटी चाल नीट पाहायला मिळते. उडवलेला थवा पाहण्यापेक्षा हा अनुभव कितीतरी मोठा आहे. ‘जरा उडवा ना’ अशी मागणी पाहुण्यांकडून येते, तेव्हा नकार देण्याचे बळ नावाड्याला मिळाले पाहिजे. ठरलेले दर आणि सर्व होड्यांना सारखे नियम असतील तरच ते मिळते. नाहीतर नकार देणाऱ्याचे गिऱ्हाईक शेजारच्या होडीत जाते.

दुसरी अडचण खाऊ घालण्याची. शेव-गाठी फेकली की कुरव होडीभोवती गोळा होतात. मीठ, तेल आणि बेसन हे मासे टिपणाऱ्या पक्ष्याचे अन्न नाही. शिवाय माणसाच्या हाताची सवय लागलेला पक्षी सावधपणा गमावतो.

बंदिस्त पक्षी पाळणाऱ्या संस्थांना या बाबतीत कायदा स्पष्ट आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा, त्यात १९९१ साली झालेल्या दुरुस्तीनुसार १९९२ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाले. प्राणिसंग्रहालयात प्राण्यांना डिवचणे, खायला घालणे आणि गोंगाट करून त्रास देणे हा गुन्हा आहे. २००९च्या नियमांनुसार आठवड्यातून एक दिवस संग्रहालय प्रेक्षकांसाठी बंद ठेवावे लागते. लहान पक्षिगृहात तर याची गरज अधिक असते. पिंजऱ्यातला पक्षी प्रेक्षकापासूनचे अंतर स्वतः ठरवू शकत नाही. म्हणून चांगल्या पिंजऱ्याला चारी बाजूंनी प्रेक्षक नसतात, आत लपायला झुडपे आणि उंच बसायला फांद्या असतात. उजनीचा पक्षी ते अंतर ठरवू शकतो, पण पाठलाग झाला नाही तरच. आठवड्यातली एक सुट्टी या जलाशयालाही मिळाली, निदान रोहित चरतात त्या पट्ट्याला, तर ती योग्यच ठरेल.

घरट्यांच्या बाबतीत मात्र कायदा पिंजऱ्याबाहेरही तितकाच कडक आहे. वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना त्रास देणे हे १९७२च्या कायद्याच्या व्याख्येनुसार शिकारच ठरते. याचा थेट संबंध चित्रबलाकांशी येतो. भिगवणजवळच्या भादलवाडी तलावातल्या झाडांवर त्यांचे सारंगागार, म्हणजे घरट्यांची वसाहत, आहे आणि इंदापूर शहरात तहसील कचेरीच्या आवारातल्या चिंचांवरही ते घरटी करतात. कचेरीत माणसांची ये-जा अखंड असते. तरीही पक्षी टिकतात, कारण खालून जाणारा माणूस त्यांच्याकडे वळत नाही आणि रोज तसाच जातो. फांदीखाली घोळका थांबला, दगड भिरकावला किंवा ड्रोन वर आला की सगळे बदलते. उन्हात चित्रबलाक पंख पसरून पिल्लांवर सावली धरतात. ते उठून गेले तर कोवळी पिल्ले उन्हाने भाजतात किंवा कावळ्यांच्या तावडीत सापडतात. भादलवाडीत झाडांभोवतीचे पाणी हीच राखण असते. तलाव आटला की कुत्री आणि माणसे बुंध्यापर्यंत पोहोचतात.

पर्यटन शिस्तीत कसे चालवता येते याचे उदाहरण याच भागात आहे. पुणे वनविभागाने २०२४ पासून बारामतीतील शिर्सुफळ आणि इंदापुरातील कडबनवाडी इथे गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली. मार्ग आखलेले, शुल्क ठरलेले, सोबत स्थानिक मार्गदर्शक. चिंकारा आणि लांडगा दिसेलच अशी हमी तिथे कोणी देत नाही. हीच पद्धत पाण्यावर आणताना माणसांच्या जिवाचाही विचार हवा. मे २०२४ मध्ये कुगाव ते कळाशी जाणारी प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटून सहा जणांचा बळी गेला. जीवरक्षक जाकीट, होडीतल्या माणसांची मर्यादा आणि वारा वाढताच फेरी रद्द करणे हे नियम पक्षी दाखवणाऱ्या होड्यांनाही लागू व्हायला हवेत.

पर्यटकांच्या हातात नसलेले धोकेही आहेत. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत उतरते आणि जलपर्णी फोफावते. टाकून दिलेल्या बारीक नायलॉन जाळ्यांत पाय अडकून पक्षी जखमी होतात. गाळपेरीसाठी नांगर पाण्याच्या कडेपर्यंत पोहोचला की काठावर उतरणाऱ्या पाखरांची जागा आक्रसते. यांपैकी जाळ्यांचा प्रश्न स्थानिक पातळीवर लगेच हाती घेता येण्यासारखा आहे. जुनी जाळी काठावर न फेकता परत घेण्याची सोय मासळी बाजारातच झाली, तर मच्छीमाराला त्यासाठी वेगळी फेरी मारावी लागणार नाही.