भिंतीवरची तारीख, खिशातली तारीख

आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशेजारी एक खिळा आहे. दरसाल जानेवारीत त्यावर नवं कॅलेंडर चढतं. दुधाचे खाडे, गॅसचा नंबर लावल्याची तारीख, लग्नाची आमंत्रणं, अम्मीच्या डॉक्टरांची वेळ, सगळं त्याच्या चौकोनांत. पण मुलं मोठी झाली आणि पांगली. मुलगी पुण्यात, मुलगा दुबईत. साताऱ्यातली भिंत त्यांना कशी दिसणार? म्हणून मुलीनं गुगल कॅलेंडरवर घरासाठी एक सामाईक कॅलेंडर उघडलं आणि ते माझ्या फोनवर आणून दिलं.

गेल्या वर्षी अम्मीच्या काचबिंदूची तपासणी एका गुरुवारी होती. मी त्या आठवड्यात कवितावाचनासाठी सोलापूरला जाणार होतो, म्हणून मुलगी पुण्याहून येऊन तिला नेणार होती. मध्येच दवाखान्यातून फोन आला, ‘डॉक्टर गुरुवारऐवजी बुधवारी येतील.’ मी लगेच फोनमध्ये बुधवारची नोंद केली आणि निर्धास्त झालो. घरात कुणाला तोंडानं सांगायचंही सुचलं नाही. मुलीच्या फोनवर गुरुवारच राहिला. दोघी गुरुवारी गेल्या आणि तशाच परत आल्या. पुढची तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, हे ठाऊक असल्यामुळे ते तीन आठवडे मला नीट झोप लागली नाही. सुदैवानं तपासणीत नजर होती तेवढी शाबूत निघाली.

मुलगी म्हणाली, “अब्बा, तुम्ही फोनमध्ये लिहिलंत, आपल्या कॅलेंडरमध्ये नाही.”

मला अर्थ कळेना. फोनमधलं कॅलेंडर म्हणजे तेच ना? इथेच माझ्यासारख्यांची फसगत होते. एकाच पडद्यावर दोन-तीन वह्या एकत्र दिसत असतात. एक वही फक्त त्या फोनपुरती असते. दुसरी आपल्या गुगल किंवा ॲपलच्या खात्याची. तिची मूळ प्रत कंपनीच्या दूरवरच्या संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर असते. फोनवर दिसते ती नक्कल. मी बुधवार पहिल्या वहीत लिहिला. ती वही कुठेच जात नाही. फोन हरवला, तर तीही त्याच्याबरोबर जाते.

मूळ प्रत आणि नकला यांचा ताळमेळ घालणं म्हणजे सिंक करणं. पूर्वी त्याला वायर लागे. 1996 साली आलेल्या पाम पायलट या खिशातल्या वहीला संगणकाला जोडलेल्या छोट्या पाळण्यात ठेवून बटण दाबावं लागे, मग दोन्हीकडच्या नोंदी जुळत. आज हे काम वाय-फाय किंवा मोबाइलच्या इंटरनेटवरून आपोआप होतं. त्यासाठी वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांना एक समान भाषा लागते. नोंद कशी लिहायची, याचा ‘आयकॅलेंडर’ नावाचा नमुना 1998 मध्ये ठरला. सर्व्हरशी देवाणघेवाण कशी करायची, याचे ‘कॅलडॅव्ह’ हे नियम 2007 मध्ये आले. म्हणूनच गुगलवरची नोंद ॲपलच्या फोनलाही वाचता येते.

फोन दर वेळी सगळी वही मागवत नाही. मागच्या भेटीची खूण तो जपून ठेवतो आणि विचारतो, ‘या खुणेनंतर काय बदललं?’ तेवढंच येतं. काही ठिकाणी सर्व्हर स्वतःच हाक मारतो. काही ठिकाणी फोन पंधरा मिनिटांनी, अर्ध्या तासानं चौकशी करतो. त्यामुळे बदल लगेच दिसला नाही, तर घाबरायचं कारण नाही. रेंज नसेल, तर नोंद फोनवर थांबते आणि रेंज आली की निघते. एकच नोंद दोघांनी बदलली तर? प्रत्येक नोंदीला आवृत्तीची खूण असते. जुन्या प्रतीवर केलेला बदल आला, की सर्व्हर तो अडवू शकतो आणि सांगतो, ‘आधी नवी प्रत पाहा.’

वेळेचंही तसंच. साताऱ्यात सकाळी दहाची नोंद केली, तर मुलाला दुबईत साडेआठ दिसतात. पहिल्यांदा त्याला वाटलं, अब्बांनी चूक केली. चूक नव्हती. तो क्षण एकच, घड्याळं दोन.

तेव्हा मित्रहो, एवढं करा. नोंद करताना ती कोणत्या खात्यात जाते आहे, ते पाहा. नोंदीच्या पानावरच खात्याचं नाव असतं. फोनच्या सेटिंग्जमध्ये त्या खात्यापुढे कॅलेंडरचं सिंक चालू आहे ना, बॅटरी किंवा डेटा वाचवण्याच्या सोयीनं ते रोखलेलं नाही ना, हे तपासा. तारीख बदलली तर नवी नोंद करू नका, जुनीच दुरुस्त करा. सामाईक कॅलेंडरात कुणाला फक्त पाहता येईल आणि कुणाला बदल करता येईल, हे आधी ठरवा. शेवटी एक खोटी नोंद करून दुसऱ्याला फोनवर विचारा, ‘उमटली का?’

मात्र यंत्र नोंद पोचवतं, ती खरी आहे की नाही ते त्याला कळत नाही. 2024 ची रमजान ईद मुलानं दुबईत 10 एप्रिलला साजरी केली, आम्ही साताऱ्यात 11 ला. आमच्या सामाईक कॅलेंडरात ती कुठल्या चौकोनात लिहायची, हे चंद्र पाहणाऱ्या माणसांनी सांगितल्यावरच ठरलं.

आता अम्मीची तारीख आली की मी ती सामाईक कॅलेंडरात घालतो आणि मुलीला फोन करून विचारतो. नंतर खिळ्यावरच्या कॅलेंडरातही लिहितो. अम्मीला ती अक्षरं दिसत नाहीत. पण “भिंतीवर लिहिलंस ना?” एवढं ती आवर्जून विचारते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)