टोपाची नाकपट्टी कुठून आणायची?

जुन्या लढाऊ टोपाचं सगळ्यात आधी जातं ते अस्तर. कापूस भरून शिवलेलं, घामाने कडक झालेलं कापड. त्याला कसर लागते, उंदीर ते ओढून नेतात आणि दोन-तीन पिढ्यांत आत नुसतं लोखंड उरतं. मग मानेवर लोंबणारी कड्यांची झालर गंजून तुटायला लागते. नाकावर येणारी पट्टी वर-खाली सरकावी म्हणून सुटीच बसवलेली असते, त्यामुळे ती निघते. पुढे दोन बाजूंना असलेल्या तुऱ्याच्या नळ्या नक्षीदार म्हणून कुणीतरी काढून घेतं. डोक्यावरचं टोक वाकतं, मोडतं. शेवटी राहतो तो घुमट, म्हणजे डोकं झाकणारा मुख्य भाग, आणि त्याच्या काठाची भोकं. म्हणून सगळे अवयव जागच्या जागी असलेला जुना टोप विकायला आला, तर आनंदाआधी शंका यावी.

बिलोली, देगलूर, कंधार, उदगीर हा आमचा पट्टा फौजांच्या पायाखालचा. बिलोलीतली दगडी मशीद औरंगजेबाच्या काळातल्या सर्फराजखान या सरदाराच्या नावाने ओळखली जाते. १७६० साली उदगिरास सदाशिवरावभाऊंनी निजामाचा पराभव केला. त्यानंतर १९४८च्या सप्टेंबरपर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. एवढ्या लढाया झाल्या म्हणजे गढ्यागढ्यांत टोप असतील असं वाटतं. तसं नाही. साध्या शिपायाच्या डोक्याला पागोटंच असे. पोलादी टोप आणि चिलखत हे सरदाराचं आणि त्याच्या निवडक स्वारांचं लेणं. त्यामुळे खरे टोप मुळात थोडे, आणि खंडेनवमीला तलवारींच्या रांगेत एखादा निघाला तर बहुधा अर्धामुर्धा. मग घरातल्या कुणाच्या तरी मनात येतं, हा पुरता करून घ्यावा. इथून खरी गोष्ट सुरू होते, कारण पुरता करणं सोपं आहे आणि बरोबर करणं फार अवघड.

पहिला नियम असा की सुटा भाग शोधायला बाजारात जाण्याआधी टोपच नीट वाचायचा. काठाच्या भोकांमधून झालरीची वरची ओळ ओवलेली असे. झालर वर्षानुवर्षं लोंबली असेल तर भोकं खालच्या अंगाला ओढली गेलेली दिसतात. स्वच्छ गोल भोकं असतील तर तिथे झालर फार काळ नव्हती, किंवा भोकंच नंतरची. एखाद्या भोकात तुटक्या कडीचा तुकडा अडकलेला सापडला तर त्याच्याइतका भरवशाचा साक्षीदार दुसरा नाही: तारेची जाडी, कडीचा व्यास, जोडणीची पद्धत, सगळं तोच सांगतो. नाकपट्टी जिथून सरकत असे तिथे घासल्याच्या उभ्या रेघा असतात, त्यावरून पट्टीची रुंदी कळते. नळ्यांच्या बुडाखालचा पत्रा हवेपासून झाकलेला राहिल्यामुळे त्याचा रंग वेगळा असतो आणि त्या डागाला नळीच्या बैठकीचा नेमका आकार असतो. हे सगळं तिरप्या उजेडात, भिंगाखाली बघून, मोजून कागदावर उतरवायचं. घासायचं मात्र काहीही नाही. आपल्याकडे खंडेनवमीच्या आदल्या दिवशी चिंच आणि राख घेऊन जो उत्साह चालतो, त्यात ही साक्ष धुऊन जाते. शिवाय पृष्ठभागावर कोफ्तगिरी असेल, म्हणजे लोखंडावर बारीक आडव्या-उभ्या रेघा ओढून त्यात सोन्याचांदीची तार ठोकून बसवलेली असेल, तर आंबट पाणी तारेखालचं लोखंड खातं आणि तार सुटून येते. पूजा करायची तर हळदकुंकू समोरच्या पानावर वाहावं, टोपावर ओलं लावू नये.

आता झालर. सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि सगळ्यात जास्त फसवणूकही इथेच. जुन्या लढाऊ झालरीत प्रत्येक कडीची दोन टोकं चपटी करून, एकमेकांवर आणून, बारीक खिळ्याने रिव्हेट केलेली असत; पुष्कळदा एक ओळ रिव्हेटच्या कड्यांची आणि एक ओळ पत्र्यातून ठोकून काढलेल्या अखंड कड्यांची अशी वीण असे. हे काम इतकं वेळखाऊ की एकोणिसाव्या शतकात, टोप लढण्यापेक्षा मिरवण्यासाठी उरला तेव्हा, तारेची टोकं नुसती समोरासमोर आणून मिटवलेल्या कड्या सर्रास आल्या. त्यात लोखंडी आणि पितळी कड्यांचे गंगाजमनी चौकडे विणत. अशी झालर तलवारीचा वार अडवणार नाही, पण दरबारात शोभते.

यावरून काहीजण सरळ ठरवून टाकतात की मिटवलेली कडी म्हणजे नकली. तेही चूक. इराणमध्ये काजार राजवटीत पातळ पत्र्याचे, कोरीव नक्षीचे, कधी राक्षसाचा चेहरा असलेले टोप मोठ्या संख्येने तयार झाले, ते मिरवण्यासाठी आणि विकण्यासाठीच. आज जुन्या वस्तूंच्या बाजारात मोगलकालीन म्हणून सांगितले जाणारे कितीतरी टोप प्रत्यक्षात या जातीचे असतात. त्यांना मिटवलेल्या कड्यांचीच झालर शोभते. हौसेने त्यावर रिव्हेटची जाळी चढवली तर शंभर-दीडशे वर्षांच्या खऱ्या वस्तूवर तीनशे वर्षांचं खोटं वय चढतं. म्हणजे झालरीचा प्रश्न सोडवण्याआधी घुमट कधीचा आणि कशासाठीचा, हे ठरवावं लागतं.

कडी नवी आहे की जुनी हे कळायला धातू उपयोगी पडतो. हाताने घडवलेल्या जुन्या लोखंडात भट्टीतल्या मळीचे धागे राहतात आणि गंज त्या धाग्यांच्या दिशेने लाकडाच्या रेषांसारखा उमलतो. १८५६ साली बेसेमरने आपल्या पद्धतीचं पेटंट घेतलं, त्यानंतर कारखान्यात वितळवून काढलेलं एकजिनसी पोलाद जगभर पसरलं. ते गंजतं तेव्हा खड्डे पडतात, रेषा दिसत नाहीत. स्क्रूचंही तसंच. आट्यांचं पहिलं सर्वमान्य मोजमाप व्हिटवर्थने १८४१ साली मांडलं. त्याआधीचे आटे कारागिराने हाताने कापलेले, किंचित वाकडे. नाकपट्टी घट्ट करायचा स्क्रू आजच्या मिलिमीटरच्या नटात सुरळीत फिरला, तर तो कुठल्याही सरदाराने फिरवलेला नाही हे नक्की.

पोलादाच्या बाबतीत आम्ही बिलोलीकर नशीबवान, फक्त आम्हाला ते ठाऊक नसतं. बोधनच्या रस्त्याने सीमा ओलांडली की निजामाबाद जिल्हा लागतो. त्या जिल्ह्यातलं कोनासमुद्रम हे गाव एके काळी मुशीत गाळलेल्या पोलादासाठी प्रसिद्ध होतं. ते पोलाद इराणपर्यंत जाई. हेन्री व्हॉयसे या इंग्रज भूगर्भतज्ज्ञाने ते काम प्रत्यक्ष पाहून लिहिलेली हकिकत १८३२ साली छापली गेली. या जातीच्या पोलादाला घडवून, मग सौम्य आम्ल लावलं की पाण्याच्या लहरींसारखी जोहराची नक्षी उठते. काही उत्तम टोपांच्या घुमटावर ती असते. अशा घुमटावर हार्डवेअरच्या दुकानातल्या पट्टीची नाकपट्टी बसवली तर सफाई कितीही असो, पहिल्याच नजरेत ती परकी वाटते. तशी नक्षी तेजाबाने वरवर रंगवणारेही आहेत. भिंगाखाली ती पृष्ठभागावर तरंगताना दिसते.

नक्षीकामासाठी आमच्या भागातले लोक बिदरची वाट धरतात. उदगिरापासून बिदर जवळ, आणि तार बसवणारा हात तिथे पिढ्यान्‌पिढ्या तयार होतो. पण बिदरीचा धातू जस्ताचा, त्यात थोडं तांबं; तो साच्यात ओततात, कोरून त्यात चांदी बसवतात आणि बिदरच्या किल्ल्यातली माती वापरून काळा करतात. लोखंडावरची कोफ्तगिरी ही वेगळीच विद्या. जस्ताची ओतीव काळी नळी लोखंडी टोपावर बसवली की दोन सुंदर कला एकमेकींना विद्रूप करतात. कारागिराचा हात घ्यावा, त्याचा नेहमीचा धातू घेऊ नये. लोखंडाचा तुकडा आपण न्यावा आणि नमुन्यादाखल त्यावर आधी काम करवून बघावं. नांदेडकडे शिकलगारांची वस्ती आहे, शस्त्रं घडवणं आणि पाजवणं हा त्यांचा वडिलोपार्जित धंदा. रिव्हेट ठोकायला असा हात लागतो.

सुट्या भागांचं शास्त्र सर्वांत तपशिलात गेलं आहे ते युरोपच्या टोपांबाबत, कारण तिथे नियमावली छापील होती. प्रशियाचा टोकदार चामडी टोप १८४२चा. १८९७पासून त्याच्या उजव्या बाजूला साम्राज्याचं तिरंगी गोल चिन्ह आलं. म्हणजे त्याआधीच्या टोपावर ते लावणं चूक, जर तो टोप पुढेही सैन्यात वापरात राहिला नसेल तर. तोफखान्याच्या टोपावर टोकाऐवजी गोळा असे. १९१५च्या नमुन्यात टोक काढता येण्याजोगं झालं आणि पितळेची चमक जाऊन धातूचे भाग करडे झाले. अशा एकेका बारकाव्यावर तिथले संग्राहक वर्षं घालवतात आणि नव्या बनवलेल्या सुट्या भागांचा मोठा धंदा त्यावर चालतो.

आपल्या घरांत विसाव्या शतकातला टोप आला असेल तर तो इंग्रजी फौजेचा, पसरट काठाचा. दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढलेल्या मराठा पलटणींच्या घरांत तो सापडू शकतो. जॉन ब्रॉडीने १९१५ साली पेटंट घेतलेल्या या टोपाचं पोलाद हॅडफील्डच्या मँगनीजयुक्त जातीचं. पहिल्या महायुद्धातला हनुवटीचा पट्टा चामड्याचा. १९३८च्या दुसऱ्या नमुन्यात कापडी, ताणला जाणारा पट्टा आणि डोक्याच्या मधोमध एका स्क्रूने धरलेलं नवं अस्तर. आता गंमत बघा. पहिल्या युद्धाचे घुमट कोठारात पडून होते, तेव्हा दुसऱ्या युद्धाआधी इंग्रजांनी त्यातल्या कितीतरींना नवं अस्तर आणि नवा पट्टा लावून पुन्हा वाटलं. अशा टोपावरचा कापडी पट्टा काढून चामड्याचा लावणारा दुरुस्ती करत नाही, इतिहास पुसतो. सैन्याच्या कोठारात झालेली दुरुस्ती हा टोपाच्या नोकरीचा भाग.

आपल्या जुन्या टोपांनाही हेच लागू. बिकानेरच्या जुनागड किल्ल्यातल्या दख्खनी शस्त्रांवर ठिपके ठोकून लिहिलेल्या नागरी नोंदी आहेत. विजापूरकरांचा अदोनीचा किल्ला पडल्यावर ती शस्त्रं तिकडे गेली. विजापुरी शस्त्रावर राजस्थानी कोठाराची नोंद म्हणून कुणी ती घासून काढत नाही. मग सतराव्या शतकाच्या घुमटावर अठराव्या शतकात लोहाराने ठोकलेलं ओबडधोबड ठिगळ असेल तर तेही राहू द्यावं. दिसायला वाईट असलं तरी ते टोप डोक्यावर असतानाचं आहे.

याउलट सगळ्यात घातक दुरुस्ती बाहेरून सगळ्यात अस्सल दिसते: एका मोडक्या जुन्या टोपाची नाकपट्टी काढून दुसऱ्याला लावणं. धातू जुना, गंज जुना, नक्षी जुनी, आणि तरीही गोष्ट खोटी. शिवाय ज्याचे भाग काढले तो टोप कायमचा भंगारात जातो. माझ्या मते यापेक्षा नवी, साधी, नक्षी नसलेली पट्टी हजारपट बरी. संग्रहालयात जीर्णोद्धार करणारे एक अंदाज पाळतात: जोडलेला भाग सहा फुटांवरून खटकू नये, पण सहा इंचांवरून ओळखू यावा. तो पुन्हा काढता आला पाहिजे, म्हणून वेल्डिंग नाही, डाग देणं नाही; चिकटवायचंच तर पॅरालॉइड बी-७२ सारखा, अॅसिटोनने विरघळणारा डिंक. नव्या भागाच्या आतल्या बाजूला साल कोरून ठेवतात. लोखंडावर शेवटी सूक्ष्मस्फटिकी मेणाचा पातळ हात, खोबरेल तेल नाही, कारण तेलावर धूळ बसते आणि धूळ ओल धरते.

हे सगळे नियम जिथे लागू होत नाहीत अशी जागाही आमच्याच जिल्ह्यात आहे. नांदेडच्या तख्त सचखंड श्री हजूर साहिबमध्ये जपलेल्या शस्त्रांना दरवर्षी दिवाळीच्या सुमारास, तख्तस्नानाच्या वेळी, गोदावरीच्या पाण्याने स्नान घडतं. गुरू गोविंदसिंगजींचा अंत १७०८ साली इथेच झाला. तिथली शस्त्रं श्रद्धेची, रोजच्या सेवेतली. त्यांना काचेच्या पेटीचं गणित लावायचं कारण नाही. गढीतल्या टोपाचा मालक मात्र दोन्हींच्या मध्ये उभा असतो, आणि त्याने आपला टोप देवघराचा की अभ्यासाचा हे आधी ठरवलेलं बरं.

कायद्याचं थोडक्यात. शंभर वर्षांहून जुना टोप १९७२च्या पुरावस्तू कायद्याखाली येतो. त्याची खरेदी-विक्री हा धंदा करायला परवाना लागतो आणि खासगी माणसाला तो देशाबाहेर पाठवता येत नाही. दुरुस्तीसाठी परदेशी पाठवतो म्हणणाऱ्याने हे लक्षात घ्यावं. विहीर खणताना जमिनीतून निघालेला असेल तर १८७८चा निखात निधी कायदा जिल्हाधिकाऱ्यांना कळवायला सांगतो. तुलनेसाठी अस्सल नमुने पाहायचे तर मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय आणि आमच्याकडून सोयीचं हैदराबादचं सालारजंग. मोजपट्टी आणि वही बरोबर न्यावी. काचेबाहेरूनही भोकांची संख्या आणि पट्टीचा बाक टिपता येतो.

एवढं करूनही घरच्या टोपात काही बसवायचंच असेल तर अस्तरापासून सुरुवात करावी. धुतलेलं, खळ काढलेलं सुती कापड, आत कापूस, टोपाच्या मापाची सुटी टोपी शिवून नुसती आत ठेवायची, जुन्या भोकांत एकही टाका न घालता. टोप उलटा केला की ती हातात यावी. नाकपट्टीची जागा तूर्त रिकामी राहू दे.