तेजाबाच्या कॅनवरचा मजकूर कुणासाठी?

विटा, खानापूर, आटपाडी या कोरड्या पट्ट्यातली माणसं देशभरच्या सराफ बाजारांच्या मागच्या बोळांत सापडतात. केरळात आहेत, बंगालात आहेत, पंजाबातही आहेत. दुकानाची पाटी वाचायची गरज नसते. भट्टीजवळ उभं राहिलं की माणदेशी बोली कानावर पडतेच. हे गलाईवाले. दुष्काळानं गाव सोडायला लावलं आणि सोनं-चांदी गाळण्याच्या कसबानं परमुलखात पाय रोवू दिले.

सोनं शुद्ध करण्याची गलाईची जुनी रीत मोठी गमतीची आहे. मोडीचं सोनं वितळवून त्यात आधी चांदी घालायची, तीही इतकी की चार भागांत सोन्याचा जेमतेम एक भाग राहावा. शुद्ध करायचं म्हणून आधी आणखी अशुद्ध करायचं! कारण सोनं जास्त असेल तर ते आतल्या चांदीला झाकून ठेवतं आणि तेजाब तिच्यापर्यंत पोचत नाही. मग तो रस पाण्यात ओतून दाणे पाडायचे आणि तेजाबात, म्हणजे नायट्रिक आम्लात, उकळायचे. चांदी आणि तांबं विरघळतं, तांबूस धूर उठतो आणि तळाशी मातीसारखी तपकिरी भुकटी उरते. तेच सोनं. धुऊन, टाकणखार घालून मुशीत पुन्हा वितळवलं की ते पिवळं दिसायला लागतं.

तेजाब काय चीज आहे हे गलाईवाल्याला सांगावं लागत नाही. बोटांवरचे पिवळे डाग त्याला रोज सांगतात. कारखान्यात कॅन भरणाऱ्यालाही ते ठाऊक असतं. अडचण मधल्यांची आहे. हमाल, टेम्पोवाला, क्लीनर, गोदामाचा रखवालदार आणि काही बिनसलंच तर अपरात्री धावत येणारा अग्निशमन दलाचा जवान. आम्ल मागवणारा तिथं नसतो, पाठवणारा तर त्याहून लांब. कॅनवर जे चिकटवलेलं असतं ते या मधल्या माणसांसाठी. धोकादायक मालावरच्या लेबलांचे नियम किचकट आणि कंटाळवाणे वाटतात खरे, पण हा वाचक डोळ्यांपुढे ठेवून ते वाचले की त्यातली एकेक अक्कल पाहून थक्क व्हायला होतं.

लेबल म्हणजे शंकरपाळ्यासारखा टोकावर उभा केलेला चौकोन, प्रत्येक बाजू निदान 100 मिलिमीटर. तेजाबाच्या लेबलाचा वरचा भाग पांढरा, खालचा काळा. वर दोन तिरप्या नळ्या काढलेल्या असतात. एकीतून थेंब पडतात ते हातावर, दुसरीतून धातूच्या पट्टीवर, आणि हात आणि पट्टी दोन्ही झिजलेली दाखवलेली असतात. खालच्या कोपऱ्यात 8 हा आकडा. चित्रात आम्लाचं नाव नाही, सूत्र नाही, कुठल्या भाषेतला शब्द असण्याचीही सक्ती नाही. काय आहे ते राहू दे, काय करील ते बघ, एवढंच ते सांगतं. अक्षरओळख नसलेल्या हमालालाही त्यातला हात कळतो.

8 म्हणजे आठवा वर्ग, खाऊन टाकणारे पदार्थ. असे एकूण नऊ वर्ग आहेत. स्फोटकं पहिल्या वर्गात, वायू दुसऱ्यात, पेट घेणारे द्रव तिसऱ्यात, असं करत नवव्यात इतर कुठंच न बसणारे. वर्ग ठरवायची मापंही अफलातून आहेत. एखादा द्रव 55 अंश सेल्सियसला पोलाद किंवा अॅल्युमिनियम वर्षाला 6.25 मिलिमीटरपेक्षा जास्त वेगानं खात असेल, तर कातडीला काही न करताही तो आठव्यात जातो. कारण असं द्रव्य गळालं तर विमानाचा सांगाडाच पोखरायचं.

चौकोनाशेजारी चार आकडी क्रमांक असतो. संयुक्त राष्ट्रांनी 1953 मध्ये या कामासाठी तज्ज्ञांची समिती नेमली आणि धोकादायक मालाला असे क्रमांक मिळाले. पेट्रोल 1203, रॉकेल 1223, स्वयंपाकाचा गॅस 1075, घरातली काडेपेटीसुद्धा 1944. आपल्या तेजाबाचा क्रमांक 2031. भाषा बदलली, लिपी बदलली, व्यापारी नाव बदललं तरी हा आकडा तोच. विट्यात तेजाब, कारखान्यात नायट्रिक, आणि परदेशी बंदरावर आणखी काही. 2031 म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे एकच कॅन.

आता खरी मजा. बाजारात मिळणारं तीव्र नायट्रिक साधारण 68 टक्क्यांचं असतं. 65 टक्क्यांची रेघ ओलांडली की कॅनवर दुसरा चौकोन लावावा लागतो. हा पिवळा, वर्तुळावर ज्योत, कोपऱ्यात 5.1. याचा अर्थ हा पदार्थ स्वतः जळत नाही, पण दुसऱ्याला जाळतो. तीव्र नायट्रिक भुशावर, पेंढ्यावर किंवा गोणपाटावर सांडलं तर ते आपोआप पेटू शकतं. सांडलेलं टिपायला हाताशी असेल तो लाकडाचा भुसा टाकायचा ही आपल्याकडची सवय इथं घातक ठरते. वाळू किंवा कोरडी माती बरी.

हे एरवी कागदावरचं ज्ञान वाटलं असतं. 3 नोव्हेंबर 1973 ला पॅन अॅम कंपनीचं बोइंग 707 मालवाहू विमान न्यूयॉर्कहून स्कॉटलंडकडे निघालं. मालात नायट्रिक आम्ल होतं, काचेच्या बाटल्यांत, बाटल्या लाकडी खोक्यांत, आणि धक्का बसू नये म्हणून भोवती दाबून भरलेला लाकडाचा भुसा. वर कुठली बाजू ते सांगणाऱ्या खुणा धड नव्हत्या, खोकी आडवी रचली गेली. बाटल्या गळाल्या. विमानात इतका धूर झाला की वैमानिकांना समोरची यंत्रं दिसेनात. बोस्टनला उतरायचा प्रयत्न करताना धावपट्टीच्या अलीकडेच विमान कोसळलं आणि तिघेही कर्मचारी गेले. बाटल्या फुटू नयेत म्हणून जे प्रेमानं भरलं, त्यानंच आग लावली. दोन उभे बाण आणि एक पिवळा चौकोन, एवढ्या ऐवजाला किती वजन असू शकतं बघा.

कॅनच्या प्लास्टिकमध्येच ठसवलेली आणखी एक ओळ असते, ती सहसा कुणी वाचत नाही. एका वर्तुळात इंग्रजी यू आणि एन ही अक्षरं एकाखाली एक, आणि पुढे 3एच1 असं काहीसं. 3 म्हणजे जेरीकॅन, एच म्हणजे प्लास्टिक, 1 म्हणजे तोंड अरुंद, वरचं झाकण अख्खं निघत नाही असा. मोठ्या पिंपावर 1एच1 असतं. पुढच्या वाय अक्षराचा अर्थ, हा नमुना मध्यम धोक्याच्या मालासाठी पास झालाय. त्यासाठी भरलेला कॅन उणे 18 अंशांपर्यंत थंड करून 1.2 मीटरवरून आपटतात. गळला तर नापास. भारतात असं प्रमाणपत्र भारतीय पॅकेजिंग संस्था देते. त्याच ओळीत कॅन कधी बनला तेही असतं, आणि ते उगीच नाही. असा प्लास्टिकचा कॅन एरवी पाच वर्षं वापरता येतो, पण 55 टक्क्यांहून तीव्र नायट्रिकसाठी फक्त दोनच वर्षं. भिंतीला आतून ते हळूहळू ठिसूळ करतं. आयुष्य मोजून दिलेला प्लास्टिकचा डबा मला तरी दुसरा माहीत नाही.

समुद्रमार्गे जाणाऱ्या मालाचा नियम तर ऐकून हसू येतं आणि मग हसू थांबतं. खुणा अशा हव्यात की तीन महिने समुद्राच्या पाण्यात बुडून राहिल्यावरही वाचता याव्यात. कुठल्याशा किनाऱ्यावर पिंप वाहून आलं तर ते पाहणाऱ्या कोळ्याचा विचार कुणीतरी करून ठेवलाय.

पुणे-बंगळूर महामार्गावर साताऱ्याहून कराडकडे जाताना टँकरवर मोठी पाटी दिसते ती याच घराण्यातली. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 प्रमाणे ती दोन्ही बाजूंना आणि मागे हवी, आणि चालकाला एक भारतीय भाषा आणि इंग्रजी वाचता-लिहिता यायला हवं. पेट्रोलच्या टँकरवर 3वायई दिसलं तर 3 म्हणजे फेस मारा, वाय म्हणजे श्वसनयंत्र लावा आणि सांडलेलं गटारात जाऊ देऊ नका, ई म्हणजे आसपासची माणसं हलवायचा विचार करा. तेजाबाला 2आर आहे. पाण्याचा फवारा मारा, अंगभर संरक्षक पोशाख घाला, भरपूर पाण्यानं पातळ करा. बंब थांबायच्या आत अर्धा निर्णय झालेला असतो.

नियमातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट रिकाम्या कॅनबद्दलची आहे. आतून धुतलेला नसेल तर तो भरलेलाच समजायचा आणि लेबलं तशीच ठेवायची. धुतल्यावर मात्र ती काढायची किंवा झाकायची, कारण खोटा इशारा देत राहिलं तर खऱ्यालाही कुणी विचारत नाही. आपल्याकडे बऱ्याचदा याच्या उलट होतं. भंगारात आलेल्या पिंपाचं लेबल आधी खरवडतात, धुणं नंतर, जमलं तर. आणि पाण्याची ओढ असलेल्या या मुलखात निळं पिंप तर दारोदारी लागतं. लेबल गेलं तरी ठसवलेली ओळ जात नाही. भावाची घासाघीस करण्याआधी पिंपावरून बोट फिरवून ते वर्तुळ लागतंय का बघावं. लागलं तर आधी त्यात काय होतं ते विचारावं, आणि विकणाऱ्याला सांगता आलं नाही तर ते पिंप पाण्यासाठी घेऊ नये.