वाचता वाचता थांबणारं मूल

वाचता वाचता मूल अचानक थांबतं. नजर एका जागी खिळते, हाक मारली तरी ओ देत नाही. दहा-पंधरा सेकंदांनी पुन्हा वाचू लागतं, पण ओळ हरवलेली असते. आपण रागावतो, "लक्ष कुठंय तुझं?" असं वारंवार होत असेल तर ती फिटच, म्हणजे अपस्माराचा सौम्य दिसणारा प्रकार असू शकतो. मेंदूतले विद्युतसंदेश क्षणभर बिघडतात. तेवढा वेळ त्या मुलासाठी घडलेलाच नसतो. डॉक्टरांना दाखवा.

शहापूर-मुरबाडकडे पोरं नदीवर, विहिरीवर सर्रास जातात. अशा मुलाला तिथे एकटं पाठवू नका. अंग झटकणारी फिट आली तर कुशीवर वळवा. कांदा-चप्पल हुंगवू नका. पाच मिनिटांत थांबली नाही तर दवाखाना गाठा. आणि त्याची शाळा मात्र बंद करू नका.