नकली पाऊस आणि लिस्पचे मॅक्रो

समजा, आहुप्यात पावसाची नोंद करणारं एक छोटं यंत्र ठेवायचंय. आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम टोकाला, ऐन कड्यावरचं हे गाव. भर जुलैत तिथे बसून प्रोग्राम दुरुस्त करणं काही सोयीचं नाही. म्हणून लिस्पमधला प्रोग्राम पुण्यातल्या रास्पबेरी पायवर कंपाइल करायचा, तयार प्रोग्राम मेमरी कार्डवर टाकायचा आणि कार्ड वर न्यायचं.

पुण्यात टेबलावर पर्जन्यमापक नसतो. चाचणीसाठी आकडे तर हवेत, म्हणून आपण ‘नकली पाऊस’ लिहितो. आता एकाच जागी दोन पर्याय झाले. साधी ‘इफ’ अट घातली तरी चालेल, पण मग नकली पावसाचा कोडही आहुप्याला जातो. तो तिथे असूच नये असं आपल्याला वाटतं. इथे मॅक्रो कामाला येतो. (खऱ्या फाइलीत अंगभूत शब्द रोमन लिपीत असतात, पण आपण दिलेली नावं देवनागरीत चालतात.)

(ठिकाणानुसार
  :आहुपे (मापक-वाच)
  :पुणे (नकली-पाऊस))

लिस्पमध्ये कोड हा स्वतःच एक यादी असतो. मॅक्रो म्हणजे ती यादी घेऊन दुसरी यादी परत देणारं फंक्शन, आणि ते प्रोग्राम चालायच्या आधी, कंपाइल होताना चालतं. वरच्या मॅक्रोने फक्त (मापक-वाच) परत दिलं, तर कंपाइलरला दुसरा पर्याय दिसतच नाही. ही कल्पना टिमथी हार्ट यांनी 1963 मध्ये मांडली. सी भाषेतला प्रीप्रोसेसरही कोड गाळतो, पण त्याला वाक्यरचना कळत नाही. अर्धा कंस एका पर्यायात आणि अर्धा बाहेर राहिला तरी तो बोलत नाही. मॅक्रोच्या हातात नेहमी अख्खी यादीच येते.

खरी गोम वेगळी आहे. अट कुठली घालायची? सुचायला सगळ्यात सोपी अट म्हणजे ‘पर्जन्यमापक जोडलेला आहे का?’ पण हा प्रश्न मॅक्रो कधी विचारतो? कंपाइल होताना, म्हणजे पुण्यात! उत्तर ‘नाही’ येतं, नकली पाऊस निवडला जातो आणि कार्डावर तोच जातो. मग आहुप्यात मापक व्यवस्थित जोडलेला असतो, बाहेर धो धो कोसळत असतो आणि यंत्र मात्र पुण्यात बनवलेले आकडे लिहीत बसतं. नकली पाऊस खऱ्यासारखा दिसावा म्हणूनच लिहिलेला असतो, त्यामुळे तक्ता पाहून शंकाही येत नाही. आणि गेलेला पाऊस पुन्हा मोजता येत नाही.

म्हणून मॅक्रोला अंदाज बांधू देऊ नये. कंपाइल करताना ठिकाणाचं नाव आपणच द्यावं. नाव नसेल तर मॅक्रोने एरर देऊन थांबावं. ‘मापक आत्ता उत्तर देतोय का?’ हा प्रश्न मात्र साध्या ‘इफ’चाच, कारण त्याचं उत्तर आहुप्यात रोज बदलू शकतं. (आणखी एक खोच: ठिकाणाचं नाव त्याच फाइलीत साध्या व्हेरिएबलमध्ये ठेवलं, तर कंपाइल होताना त्याला किंमतच मिळालेली नसते. ती आधी द्यावी लागते.)

मॅक्रोने सगळंच भागत नाही. मापकाची लायब्ररी पुण्यातल्या यंत्रावर बसवलेलीच नसेल, तर तिच्या पॅकेजचं नाव वाचतानाच लिस्पचा रीडर अडखळतो. मॅक्रोची पाळी येतच नाही. त्यासाठी कॉमन लिस्पमध्ये #+ ही खूण आहे. तिच्यापुढे लिहिलेलं नाव ‘फीचर्स’च्या यादीत नसेल, तर रीडर पुढचा कंस वाचतानाच टाकून देतो, अनोळखी पॅकेजसकट.

नेमकं काय निवडलं गेलं हे बघायला मॅक्रोचा विस्तार छापून पाहता येतो, त्यासाठी लिस्पमध्ये तयार फंक्शन आहे. कार्ड पिशवीत टाकायच्या आधी ते एकदा चालवावं. तिथे (मापक-वाच) एवढीच ओळ दिसली पाहिजे.